कोंडाबाईची ग्वाही

नवऱ्याला एखादा रोग निघावा म्हणून देवाला साकडं घालणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. झरीच्या धनगरवाड्यातली कोंडाबाई तशी होती. बरं, साकडं घालायचं कुणाला, तर बिरोबाला, आणि नवरा सोडवायचा तोही बिरोबाच्याच हातून. पण दुसरा देव तिच्या ओळखीचा नव्हता. म्हणून ती त्यालाच सांगायची, देवा, माझ्या माणसावर येतंय ते तुझं वारं नसू दे. काहीतरी दुखणंच असू दे. साधंसं, गोळीनं बरं होणारं.

सुरुवात झाली ताडकळसच्या शिवारात. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती, आणि तिचा नवरा रायभान आपली मेंढरं घेऊन लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उतरला होता. मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि त्याबदली धान्य धनगराला, असा हा पिढ्यांचा व्यवहार. जिल्हा निजामाचा होता तेव्हा मेंढरं अशीच बसायची. पोलीस ॲक्शन झालं तेव्हाही बसली. आता जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणून शहाणी माणसं सांगत होती, पण आपण नक्की कुणाचे हे झरीत कुणालाच धड कळलेलं नव्हतं, आणि मेंढरांनी तर चौकशीही केली नव्हती.

त्या दुपारी रायभान बांधावर काठीला रेलून उभा होता. उभा तो उभाच राहिला. मेंढरं एकेक करत लिंबाजीच्या हिरव्या गव्हात शिरली तरी हा हलेना. लिंबाजी म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला तापट माणूस. बैल आडवा आला तरी बैलाच्या सात पिढ्या उद्धरायचा. तो लाकूड घेऊन शिव्या देत धावत आला. जवळ येऊन बघतो तर रायभानचा चेहरा डोळ्यांतल्या पाण्यानं निथळतोय आणि त्यावर हसू. लिंबाजीनं लाकूड उगारलं तसा रायभान म्हणाला, "मालक, तुमी मारायलाव, मी खायलोय, पर आपुन दोघं येगळे न्हाईत बगा."

लिंबाजीचा हात वरच्या वर राहिला. तो चक्क बांधावर बसला. समोर त्याचा गहू फस्त होत होता आणि हा गडी बसून होता! पुढच्या बाजारी त्यानंच ही हकिकत चार जणांना सांगितली. ती झरीला पोचेपर्यंत रायभान जमिनीपासून हातभर वर तरंगत होता आणि मेंढरांनी तोंडातला घास टाकून त्याच्याभोवती रिंगण धरलं होतं. खरं म्हणजे मेंढरांनी घास अजिबात टाकला नव्हता. पण कौतुकाच्या भरात गव्हाची आठवण कोण काढतो?

एक गोष्ट मात्र ना लिंबाजीला ठाऊक होती, ना रायभानला. त्याच दिवशी सकाळी कोंडाबाईचं पोट पडलं होतं.

आधीची दोन अशीच गेली होती. म्हणून या खेपेला तिनं दिवस गेल्याचं कुणाला कळूच दिलं नव्हतं. न जाणो, दृष्ट लागायची. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सकाळी ओढ्याकाठच्या बाभळींत ती गेली, जे व्हायचं ते झालं, तिनं हातानं वाळू उकरली, वर दगड ठेवला, आणि अंग धुऊन येऊन भाकरी थापायला बसली. सासू अंबाबाई तिकडे झरीला. रानात ही दोघंच. विटाळ धरून बाजूला बसायचं तर भाकरी कोण थापणार आणि कोकरांना कोण पाजणार? आणि सांगायचं तरी काय, की पुन्हा तेच झालं? तिची जीभ वळली नाही. रायभाननं तिच्या हातची भाकरी खाल्ली, पाणी प्यायला आणि मेंढरांमागं गेला. दुपारी हा प्रकार.

मग ते पुन्हा आलं. एकदा विहिरीवर पाणी शेंदताना, एकदा लोकर कातरताना, कातर हातात तशीच. तो पडायचा नाही, घुमायचा नाही, किंचाळायचा नाही. नुसता थांबायचा, आणि भानावर आला की घाबऱ्याघुबऱ्या नजरेनं सगळ्यांकडे बघायचा. कोंडाबाईला त्यानं एकदाच विचारलं होतं, "माजं डोस्कं फिरलंय का देव आलाय गं? कुणीतरी येकदा सांगून टाका." तिच्याजवळ उत्तर असतं तर तिनं दिलं असतं.

झरीत मात्र सगळ्यांजवळ उत्तर तयार होतं. बिरोबाच्या ठाण्याचा जुना भगत पावसाळ्यात वारला होता आणि ठाणं रिकामं पडलं होतं. वाड्यातला सगळ्यांत जाणता माणूस म्हणजे ग्यानबा. त्यानं रायभानला समोर बसवून दोनचार प्रश्न केले आणि सांगितलं की देवानं आपला माणूस निवडलेला दिसतो, जत्रेच्या आधी त्याला ठाण्यावर बसवू. अंबाबाईचे पाय तर जमिनीवर ठरेनात. ज्या पोराला मेंढरं नीट मोजता येत नाहीत म्हणून तिनं उभा जन्म शिव्या घातल्या, त्याच्या पाया पडायला आता बाया येऊ लागल्या होत्या.

भगत होणं म्हणजे काय हे कोंडाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. भगत देवाला दिलेला असतो. तो ठाण्यावरच राहतो, तिथंच झोपतो, घराचा उंबरा पुन्हा ओलांडत नाही. बायकोनं भाकरी नेऊन पायरीवर ठेवायची आणि लांब बसायचं. जुन्या भगताची बायको कासाबाई जन्मभर अशी भाकरी घेऊन गेली. तो तिला "बाई" म्हणून हाक मारायचा, जशी कुणाही परक्या बाईला मारावी. तो मेला तेव्हा तर कहरच झाला. हिनं बांगड्या फोडायच्या की नाही यावर माणसांचा दुपारपर्यंत खल चालला, कारण नवरा देवाचा, मग ही विधवा कुणाची? कासाबाई बिचारी हात पुढे करून बसून राहिली होती. कोंडाबाई तिच्याकडे गेली तेव्हा म्हातारी म्हणाली की सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या, देवाच्या कुठून उपटू?

आता रीत अशी की भगताला बसवण्याआधी त्याच्या बायकोची ग्वाही घ्यायची. पहिलं वारं निर्मळ घरावरच येतं. घरात सुतक असेल, सोयर असेल, बाईचा विटाळ असेल, तर बिरोबा त्या माणसाला शिवत नाही. आणि घर निर्मळ होतं की नव्हतं, हे बायकोशिवाय कोण सांगणार? म्हणून तिच्या तळहातावर भंडारा ठेवायचा आणि विचारायचं. ती हो म्हणाली की माणूस देवाचा. ती नाही म्हणाली तर ते वारं देवाचं नव्हे, बाहेरचं. मग मिरच्यांची धुरी द्यायची, बांधून घालायचं, ते निघेपर्यंत. भंडारा हातात घेऊन खोटं बोललेली बाई झरीत कुणाच्या ऐकिवात नव्हती. हो म्हणून नवरा घालवायचा, की नाही म्हणून त्याला धुरीत कोंडायचा? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये कोंडाबाई. म्हणून तर तिला रोग हवा होता. रोग निघाला असता तर देवही नव्हता आणि भूतही नव्हतं, आणि तिला कुणापुढे तोंड उघडायची वेळच आली नसती.

डॉक्टरचा पत्ता लिंबाजीनं दिला. त्याचीही एक गंमतच होती. त्या दुपारपासून लिंबाजीला राग येईनासा झाला होता. पोरानं घागर फोडली, राग नाही. भावानं बांध कोरला, राग नाही. असला प्रकार त्याच्या घराण्यात कधी झाला नव्हता, म्हणून घाबरून तो परभणीला स्टेशनाजवळच्या दिनकरराव डॉक्टरांकडे जाऊन आला. हे दिनकरराव तरुणपणी वेड्यांच्या एका मोठ्या इस्पितळात होते. त्यांनी लिंबाजीला हसत परत पाठवलं, पण हे सगळं कुठून सुरू झालं ते ऐकल्यावर म्हणाले, त्या धनगराला एकदा आणा.

लोकर विकायची म्हणून सांगून कोंडाबाई नवऱ्याला घेऊन परभणीला गेली. डॉक्टरांनी रायभानला खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेला असा टेकला की जणू ती मोडली तर त्याच्याकडूनच भरून घेणार होते. डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं. तोंडाला फेस येतो का, जीभ चावली जाते का, धोतर ओलं होतं का. झोप लागते का, जेवण जातं का. कुणी कानात बोलतं का, अमुक कर तमुक कर म्हणून सांगतं का. सगळ्याला रायभान नाही म्हणत गेला, किंवा झोप-जेवणाला हो. मग डॉक्टरांनी त्याला म्हटलं, की बाबा, काय होतं ते तुझ्याच तोंडानं सांग.

रायभान बराच वेळ चाचपडला. "सायब, भरून येतंय. मेंढरू, ढेकूळ, मी, येगळं काईच ऱ्हात न्हाई. सगळं येकाच जाग्यावरून हालतंय असं वाटतंय."

"देव दिसतो?"

"न्हाई. कोनीच न्हसतं तितं. मी बी न्हसतो."

"मग भीती वाटते?"

"तवा न्हाई वाटत. परत आल्यावर वाटती. मी नसताना मेंढरं कुनी राखली, मनून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रायभानला बाहेर बसायला सांगितलं. कोंडाबाईला मात्र थांबवून घेतलं. त्यांनी विचारलं, की हे पहिल्यांदा झालं त्या सुमारास घरात काही दुःख झालं होतं का, कुणी गेलं होतं का? कोंडाबाई म्हणाली, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "नीट आठवा, बाई. कधीकधी माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते, पण त्याच्या मनाला ती कळलेली असते. सोसायची कशी हे मनाला उमगलं नाही की ते भलत्याच वाटेनं बाहेर पडतं."

त्याला कळलेलं असेल का? तिनं तर काही दिसू दिलं नव्हतं. पण पाणी तिनं एकदा नव्हे, दोनदा सांडलं होतं. आणि त्यानं जेवता जेवता मध्येच तिच्याकडे पाहिलं होतं, एरवी भाकरीवरून नजर न काढणारा माणूस. ते बघणं कसलं होतं? आता आठवू लागली तसं त्याला वाट्टेल तो अर्थ लागू लागला. तरी ती दुसऱ्यांदाही काही नाही असंच म्हणाली.

"मग त्येन्ला रोग हाय का न्हाई, तेवडं सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "मिरगी नाही. आणि वेड म्हणावं तर मी वेडी माणसं खूप पाहिली, अंगात देव आलेली तर विचारू नका. कुणी भ्यालेलं असतं, कुणी ताठलेलं असतं. यांच्यात मला दोन्ही दिसत नाही. हा माणूस जेवतो, झोपतो, कामाला जातो. याला आजारी म्हणायला माझं मन घेत नाही. हे काय आहे, मला ठाऊक नाही."

"चार मानसांत येऊन रोग हाय मना. तेवडंच मना. आमचं घर ऱ्हाईल."

"खोटं सांगू?" डॉक्टरांनी विचारलं. ते रागावून विचारत नव्हते, खरंच विचारत होते. कोंडाबाईनं खाली पाहिलं. खोट्याबद्दल बोलायला ती तिथं कुठल्या तोंडानं उभी होती? ती उठून बाहेर आली. एवढा शिकलेला माणूस, भिंतीला लागून जाडजाड पुस्तकं, आणि म्हणतो काय तर मला ठाऊक नाही! तिला त्याचा भयंकर राग आला, आणि मोटार झरीच्या वाटेला लागेपर्यंत तो राग तिला पुरला. मग तो संपला आणि उरला तो सगळा गोंधळ. शेजारी रायभान खिडकीतून बघत बसला होता. डॉक्टर काय म्हणाले, हे त्यानं विचारलं. काही निघालं नाही, असं ती म्हणाली. "मंजे देवच हाय तर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता की दुःख, तेही तिला समजेना. कुठल्यातरी नावाला टेकता आलं, एवढंच समाधान होतं बहुधा.

जत्रेच्या आधीच्या रविवारी सकाळी ठाण्यावर माणसं जमली. पुरुष पुढे, बाया मागे लिंबाखाली. रायभानला न्हाऊ घालून नवं धोतर नेसवलं होतं, खांद्यावर नवी घोंगडी. लग्नात तो असाच दिसला होता, असाच बावरलेला. अंबाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं कोंडाबाईला बजावत होती, की पोरी, तुझ्या हातून सोन्यासारखी गोष्ट होतीय, आवाज खणखणीत काढ. तिला बिचारीला काय माहीत! कोंडाबाई घरून निघाली ती हो म्हणायचं ठरवून. वाटेत तिनं नाही म्हणायचं ठरवलं. ठाण्याची पायरी चढताना तिचं पुन्हा हो ठरलं होतं.

ग्यानबानं तिच्या उजव्या तळहातावर भंडारा ठेवला आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली. मग त्यानं विचारलं, "कोंडाबाई, पयलं वारं आलं त्या दिशी घर निर्मळ व्हतं का?"

तिनं रायभानकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो माणसांच्या पलीकडे माळावर सुटलेल्या मेंढरांकडे बघत होता, आणि त्याचे खांदे सैल पडले होते, जसे ते येण्याआधी पडायचे. तिच्या मनात आलं, आत्ता इथंच येतंय की काय. आलं तर हा सगळ्यांसमोर निघून जाणार, जिथं कोणीच नसतं तिथं. आणि परत आला की ती त्याची कोणी नसणार, एक बाई असणार. तिला ते सोसवेना. खरं बोलायचं म्हणून ती बोलली असं म्हणवत नाही. तिला तो हवा होता, म्हणून बोलली.

"न्हवतं," ती म्हणाली. "त्याच दिशी सकाळी माजं पोट पडलं व्हतं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

 मग ग्यानबानं तिची मूठ उघडून भंडारा काढून घेतला आणि पायरीच्या कडेला झटकला. अंबाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि कोंडाबाईनं देवही घालवला आणि नातवंडही घालवलं म्हणून गळा काढला. मागून कुणीतरी मिरच्या आणा म्हणालं. रायभान उठून तरातरा कोंडाबाईपाशी आला, तेव्हा बायांनी पोरं मागे ओढली. तो तिला मारणार हे सगळ्यांना दिसतच होतं.

तिच्यापुढे उभं राहून त्यानं विचारलं, "पोरगं व्हतं का पोरगी?"

"बगितलं न्हाई," ती म्हणाली. "बगवंना."

तो तिथंच खाली बसला. नवी घोंगडी धुळीत पडली. मग तो रडला. बाप्या माणसानं चारचौघांत रडू नये तसं, हुंदके देत, नाक वाहेपर्यंत रडला. ते हसत हसत गळणारं पाणी हे नव्हतं. मिरच्या आणायला गेलेला मिरच्या घेऊन आला आणि हातात धरून उभा राहिला, कारण असल्या माणसाला धुरी द्यायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ग्यानबा म्हणाला की बाहेरचं लागलेला माणूस असा रडत नाही, घरी घेऊन जा याला. देव नाही, भूत नाही, आणि रोगही नाही हे त्या नवराबायकोला ठाऊक होतं. मग काय, असं कुणीतरी विचारलं, त्यावर ग्यानबानं काठी उचलली आणि तो घराकडे चालू लागला.

कोंडाबाईला नवरा मिळाला. तो घरात झोपला, घरात जेवला, तिला नावानं हाक मारू लागला. पावसाळ्याआधी ताडकळसच्या वाटेनं जाताना तिनं त्याला ओढ्याकाठची ती जागा दाखवली. त्यानं दगड थोडा सरळ केला. आणि ते पुन्हा काही आलं नाही. म्हणजे, कुणाला आलेलं दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले होते तेच खरं असावं असं कोंडाबाईला वाटायचं; मनात साठलेलं होतं, रडण्यावाटे निघून गेलं. घटकाभर तसं वाटायचं आणि मग ती त्याला लांबून बघायची. माळावर तो काठीला रेलून उभा असायचा, पाठमोरा, खांदे सैल. ही जवळ जाऊ लागली की पावलं ऐकून तो एकदम मेंढरांना हाळी द्यायचा, काठी आपटायचा, कामात असल्यासारखा. ती इतके दिवस त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होती. आता हा तिच्यापासून लपवत होता का? की लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून तो असा एकटाच उभा राहून ते पुन्हा येण्याची वाट बघत होता?

दुसऱ्या सालात, मानवतकडच्या रानात मेंढरं बसली असताना, तिला राहवलं नाही. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "आवं, ते येतंय का आजून?"

रायभाननं घास खाली ठेवला. तो चिडला नव्हता. त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "तुला काय आयकायचंय? येतंय मनू, का गेलं मनू?"

कोंडाबाईनं तोंड उघडलं. येतंय म्हणाला तर तो तिचा नव्हता, आणि गेलं म्हणाला तर ते तिनंच घालवलं होतं. तिनं त्याच्या पुढ्यात आणखी अर्धी भाकरी ठेवली. मग भाकरी संपवून, हात धुऊन, तो मेंढरांमागं गेला.